थिएटरचा कचरा कमी करायचाय? आधी ऑपरेशनची यादी काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूरजवळ वीस खाटांचा हाडांचा दवाखाना काढणाऱ्या एका तरुण डॉक्टरांना थिएटरमधून रोज निघणाऱ्या पिशव्या बघून अस्वस्थ वाटतं. डिस्पोजेबल ड्रेप (ऑपरेशनच्या वेळी पेशंटवर पांघरायचं निर्जंतुक आवरण) सोडून कापडी घ्यावेत का, उतरवलेल्या प्लास्टरचं काय करायचं, भुलीचे गॅस कितपत वाईट, छतावर सोलर बसवावं का, आणि हे सगळं करताना इन्फेक्शन वाढलं तर काय, असं त्यांनी विचारलंय.

डॉक्टर, बेळगाव भागात मी बरीच वर्षं हाडांचंच काम करतोय. त्यामुळे इथल्या पाण्यात, विजेत आणि पेशंटच्या खिशात जे बसतं तेवढंच सांगतो. फक्त क्रम उलटा लावतो. तुम्ही पिशवीपासून सुरुवात केलीत, मी ऑपरेशनच्या यादीपासून करतो.

आकड्यांचा अंदाज असावा म्हणून आधी दोन-तीन गोष्टी. जगातल्या हरितगृह वायूंपैकी साधारण ४ ते ५ टक्के आरोग्यसेवेतून येतात. दवाखान्याच्या इतर भागांच्या तुलनेत थिएटर तेवढ्याच जागेला ३ ते ६ पट ऊर्जा खातं, आणि एकूण कचऱ्याचा पाचवा ते तिसरा हिस्सा तिथून निघतो. त्यात आपली शाखा म्हणजे धातू, कृत्रिम सांधा बसवायचं सिमेंट, ड्रिल, हत्यारांच्या जड पेट्या, सी-आर्म (थिएटरमधलं एक्स-रे यंत्र). म्हणजे एक ऑपरेशन टळलं तर पिशवी, वीज, वाफ, धातू, पेशंटच्या खेपा सगळंच टळतं. ड्रेप कापडी केला तर फक्त ड्रेप वाचतो.

आता टाळण्यासारखी ऑपरेशनं कुठली? इथे मत नको, पुरावा आहे. पन्नाशीच्या आसपास गुडघ्याची गादी झिजून फाटलेली, एमआरआयवर ‘टेअर’ लिहून आलेलं, आणि पेशंट दुर्बीण घाला म्हणून हटून बसलेला, हे चित्र तुम्हाला रोज दिसेल. फिनलंडमध्ये १४६ जणांवर अभ्यास झाला. निम्म्यांची फाटलेली गादी खरोखर काढली, निम्म्यांना नुसतं काढल्यासारखं केलं. वर्षभराने दोन्ही गटांत फरक नव्हता. हे २०१३ सालचं. तरीही आपल्याकडे ते ऑपरेशन जोरात चालू आहे, आणि त्यातली शेव्हर ब्लेड, ट्यूब, पाण्याच्या पिशव्या सगळं एकदाच वापरायचं.

म्हाताऱ्या माणसाचा खांदा मोडला की प्लेट घालायची सवयही अशीच. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात २५० पेशंट होते. सांधा न निखळलेल्या, सरकलेल्या फ्रॅक्चरमध्ये ऑपरेशनवाल्यांना झोळीवाल्यांपेक्षा जास्त फायदा झाला नाही. मनगटाच्या कोलीस फ्रॅक्चरचं जरा वेगळं आहे. ओढून बसवल्यावर तारा घालायच्या की नुसतं प्लास्टर, हे ५०० जणांत तपासलं. वर्षानंतर हाताचं काम दोन्हीकडे सारखंच होतं, पण प्लास्टरवाल्यांपैकी १३ टक्क्यांचं हाड पहिल्या सहा आठवड्यांत सरकलं आणि ऑपरेशन करावं लागलं. म्हणून प्लास्टर घातलंत तर पहिल्या दोन आठवड्यांतले एक्स-रे चुकवू नका. कणकुंबीसारख्या लांबच्या गावचा पेशंट पावसात येणारच नाही अशी खात्री वाटत असेल, तर त्याला तार घालणं हाच शहाणपणा. पर्यावरणाच्या नावाखाली वाकडं मनगट देऊ नका.

लहान मुलं झाडावरून, सायकलवरून पडतात आणि मनगटाच्या वरच्या हाडाला नुसती घडी पडते. त्याला आपण तीन आठवडे प्लास्टर घालतो. ब्रिटनमधल्या २३ दवाखान्यांत ९६५ मुलांवर अभ्यास झाला, २०२२ साली प्रसिद्ध झाला. मऊ पट्टी दिलेल्या मुलांना प्लास्टर किंवा स्प्लिंट (काढता येणारा कडक आधार) घातलेल्या मुलांपेक्षा जास्त दुखलं नाही. म्हणजे प्लास्टर नाही, ते कापायला खेप नाही, पुन्हा फोटो नाही. आई-बाप मात्र ‘पक्कं प्लास्टर घाला डॉक्टर’ म्हणून अडून बसतात. त्यांना पाच मिनिटं समजावून सांगा. ती पाच मिनिटं फुकट जात नाहीत.

यादीतलं शेवटचं म्हणजे प्लेट-रॉड काढण्याचं ऑपरेशन. मुलांच्या हाडात घातलेल्या लवचिक नेल (सळ्या) काढायच्याच. पण मोठ्या माणसाच्या मांडीतला रॉड दुखत नसेल, टोचत नसेल, तर ‘आत लोखंड नको’ या एका कारणासाठी तो काढू नका.

ऑपरेशन टाळणं म्हणजे काहीच न करणं नव्हे, हे या भागात मुद्दाम सांगावं लागतं. हाडवैद्याकडे बांबूच्या कांब्या आणि पाल्याचा लेप लावून आलेले पेशंट तुमच्याकडे येणारच. दिसायला त्याच्याइतकं निसर्गाला धरून काही नाही. पण घट्ट बांधलेल्या पट्टीने रक्तपुरवठा तुटून हात काळा पडला की त्यापुढे महिनोन्महिने जे चालतं, त्याचा कचरा कुठल्याही प्लेटच्या ऑपरेशनपेक्षा मोठा असतो. हाडवैद्याशी भांडू नका. बोटं बधिर झाली, गार पडली की लगेच पाठव, एवढं त्याच्या कानावर घाला.

खुब्याचं फ्रॅक्चर बसवून आजींना घरी पाठवता, तेव्हा हाडं ठिसूळ झाल्याचा इलाज सुरू केलात का? खुबा मोडलेल्यांना झोलेड्रोनिक ॲसिडचं वर्षातून एक ५ मिलिग्रॅमचं सलाईन दिलं तर पुढची फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी कमी होतात, हे २००७ पासून माहीत आहे. आधी किडनी आणि ड जीवनसत्त्व तपासा. दुसरा खुबा वाचला तर एक अख्खं ऑपरेशन वाचलं. थिएटरच्या बाहेर केलेलं हे काम कुणी ‘ग्रीन’ म्हणून मोजत नाही, मी मोजतो.

आता तुमच्या भीतीकडे येतो. इन्फेक्शन झालेला कृत्रिम गुडघा म्हणजे बहुतेक वेळा दोन टप्प्यांची ऑपरेशनं, मध्ये कित्येक आठवडे अँटिबायोटिक आणि दुसरा इम्प्लांट. म्हणून माझा नियम सरळ आहे. ज्या बचतीने इन्फेक्शनचा धोका वाढण्याची शंका आहे ती करायची नाही. पण आपण इन्फेक्शनच्या नावाने जी जी पाकिटं फोडतो, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा इन्फेक्शनशी संबंधच नसतो.

ड्रेपचंच घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शनात स्पष्ट आहे, निर्जंतुक डिस्पोजेबल किंवा निर्जंतुक पुन्हा वापरायचे, दोन्हींपैकी काहीही चालेल. त्याच मार्गदर्शनात चिकटवायच्या प्लास्टिक ड्रेपबद्दल, आयोडीन लावलेला असो की साधा, इन्फेक्शन टाळण्यासाठी वापरू नये असं सुचवलंय. तो ड्रेप महाग असतो आणि आपल्यातले बरेच जण तो सवयीने लावतात. मी अजून काही केसेसना पायाची बोटं झाकायला, कापड जागेवर धरायला वापरतो. त्याला इन्फेक्शनचा उपाय मात्र म्हणत नाही.

पण ‘कापडी’ म्हटल्यावर आपल्याकडे जे हिरवं सुती कापड डोळ्यासमोर येतं, ते चालत नाही. सुती कापड भिजलं की रक्ताबरोबर जंतूही आरपार जातात. घट्ट विणीचं पॉलिस्टरचं, पाणी अडवणारं कापड घ्या, जे ७०-७५ धुण्या टिकतं. प्रत्येक गाऊनच्या कोपऱ्यावर धुण्यांच्या खुणा करायला लावा. घडी घालण्याआधी उजेडावर धरून भोकं बघायची, हे काम मावशींना शिकवा. त्या आपल्यापेक्षा बारकाईने बघतात. अशा गाऊनचा कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंतचा हिशोब केलेल्या अभ्यासांत हरितगृह वायू डिस्पोजेबलच्या तुलनेत साधारण दोन-तृतीयांशाने कमी आढळले, धुण्याचं पाणी आणि वाफ धरूनसुद्धा. धुणं नीट हवं, हे वेगळं सांगायला नको. गरम पाणी ७१ अंशांना २५ मिनिटं. गावातल्या लाँड्रीत बेडशीटबरोबर गाऊन गेले तर सगळंच फुकट.

माझी वाटणी अशी: हात, मनगट, घोटा, साधी प्लेट, रॉड यांना चांगल्या प्रतीचं पुन्हा वापरायचं कापड. सांधेबदलाला सुरुवातीची काही वर्षं डिस्पोजेबलच ठेवा. धुण्याची शिस्त बसली, इन्फेक्शनची नोंदवही विश्वासाची झाली, की मग विचार करा.

उघड्या जखमेच्या फ्रॅक्चरला धुण्यासाठी बॅटरीची, जोराने पाणी मारणारी पल्स लॅव्हेज गन मिळते. एकदा वापरायची आणि टाकायची, बॅटरीसकट. सुमारे अडीच हजार पेशंटवरच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, २०१५ साली, पाण्याचा जोर जास्त असो वा अगदी कमी, पुन्हा ऑपरेशनचं प्रमाण सारखंच निघालं. साबणाचं पाणी उलट सलाईनपेक्षा वाईट ठरलं. तेव्हा सलाईनची बाटली उंच टांगा, ट्यूब लावा आणि भरपूर धुवा. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरखाली आलेले पाय याच पद्धतीने धुतले जातात आणि बरे होतात.

टेबलावर काय उघडायचं हा खरा मोठा विषय आहे, आणि त्यात सर्जनपेक्षा सिस्टरचा हात जास्त असतो. गुडघा बदलाला कंपनीकडून सहा-आठ पेट्या येतात. त्यातली निम्मी हत्यारं कुणी उचलतही नाही, पण प्रत्येक पेटी धुतली जाते, गुंडाळली जाते, वाफेत जाते. तुमच्या नेहमीच्या ऑपरेशनांना प्रत्यक्ष हातात घेतलेली हत्यारं सिस्टरना काही आठवडे टिपून ठेवायला सांगा. जी कधीच लागली नाहीत ती वेगळ्या पाकिटात निर्जंतुक करून कपाटात ठेवा. एक्स-रेवरून मापाचा अंदाज आधी कळवलात तर कंपनीचा माणूस हुबळीहून सगळ्या मापांचा ढीग गाडीत घालून आणत नाही. ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) अर्धा रिकामा चालवायचा नाही. आणि स्यूचर (टाक्यांचे धागे), ब्लेड, रक्त टिपायचे जास्तीचे मॉप ‘लागेल’ म्हणून आधी फोडायचे नाहीत. मागितल्यावर फोडायचे. सिमेंट तर मिसळायच्या क्षणापर्यंत बंद.

या बाबतीत आपली जुनी पद्धत चांगलीच आहे. आपल्याकडे प्लेट-स्क्रू रॅकमध्ये लावून येतात आणि दवाखान्यात वाफेने निर्जंतुक होतात. परदेशात प्रत्येक स्क्रू वेगळ्या निर्जंतुक पाकिटात देण्याची लाट आहे आणि ती इथेही येतेय. रॅकवाल्या पद्धतीत स्क्रू पुन्हा पुन्हा धुतले जातात, त्यांच्या खाचांत घाण साचू शकते, हा आक्षेप खरा आहे. उपाय म्हणजे रॅक लहान ठेवणं, न लागणारी मापं काढून टाकणं आणि रॅक नीट धुणं. छोट्या स्क्रूभोवती दोन थरांचं प्लास्टिक नको.

शरीरातून काढलेली प्लेट दुसऱ्याला घालायची नाही, कितीही चकचकीत दिसली तरी. मोडलेलं हाड बाहेरून धरणाऱ्या इलिझारोव्हच्या रिंगा, बाह्य फिक्सेटरचे क्लॅम्प आणि रॉड शरीराच्या बाहेर असतात. ते तपासून, घासून पुन्हा वापरता येतात. पिन आणि तारा नव्याच.

कचऱ्याच्या पिशव्यांवर मी फार वेळ घालवत नाही, कारण जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत सगळं दिलंय. रक्ताने माखलेलं, अवयवाचा तुकडा, ड्रेसिंग पिवळ्यात, ते जाळलं जातं. ट्यूब, सलाईन सेट, हातमोजे लाल पिशवीत, त्यावर प्रक्रिया होऊन प्लास्टिक पुन्हा वापरात येतं. सुया-ब्लेड आरपार टोचणार नाहीत अशा पांढऱ्या डब्यात. काच आणि शरीरातून काढलेले धातूचे इम्प्लांट निळ्यात. सामायिक प्रक्रिया केंद्र ७५ किलोमीटरच्या आत असेल तर स्वतःची भट्टी लावता येत नाही. चूक बहुतेक एकच होते, सगळं काही पिवळ्यात. यावर साधी युक्ती आहे. पेशंट थिएटरमध्ये यायच्या आधी जेवढी वेष्टनं, पुठ्ठे, पुस्तिका फोडल्या जातात, त्यांची एक वेगळी पिशवी भरून चीर द्यायच्या आधी बाहेर काढायची. तिच्यात रक्त असूच शकत नाही, ती साध्या सुक्या कचऱ्यात जाते.

काढलेला रॉड पेशंट बऱ्याचदा आठवण म्हणून मागतात. आणि अस्थी सावडताना राखेत रॉड मिळाला तर तो बहुधा घाटावरूनच नदीत जातो. नेदरलँड्समधली ऑर्थोमेटल्स ही कंपनी १९९७ पासून स्मशानांतून असे धातू गोळा करून वितळवते. आपल्या प्लेटमध्ये क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम, गुडघ्यात कोबाल्ट, टायटॅनियम. हे सगळं खाणीतून आलेलं असतं. बेळगावच्या उद्यमबागेत एवढ्या फाउंड्री आहेत, कुणीतरी स्मशानभूमीच्या समितीशी बोलून हे सुरू करायला हरकत नाही. पण ते तुमच्या-माझ्या दवाखान्याचं काम नव्हे, आणि घरच्यांच्या भावना सांभाळूनच व्हायला हवं.

प्लास्टरबद्दल. प्लास्टर म्हणजे जिप्सम. जाळलं तर गंधकाचे वायू, ओल्या कचऱ्यात बंद पडलं तर सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने पीओपीच्या गणेशमूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात विरघळवायची पद्धत दिली. त्यातून अमोनियम सल्फेट, म्हणजे खत, आणि कॅल्शियम कार्बोनेट मिळतं. प्लास्टरचं रसायन तेच, पण रक्त-पू लागलेलं प्लास्टर नियमाने पिवळ्या पिशवीतच जातं. तेव्हा मागच्या अंगणात बादल्या मांडू नका. आधी प्लास्टर कमी लागेल असं बघा: जिथे कच्चं प्लास्टर पुरतं तिथे पक्कं नको, बूट आणि स्प्लिंट परत मागून धुऊन वापरा.

फायबरचं प्लास्टर पर्यावरणाला वाईट, असं सरसकट म्हणू नका. ते राळेत भिजवलेली काच आहे, त्याचं पुढे काहीच होत नाही, हे खरं. पण जून ते सप्टेंबर जांबोटीकडच्या माणसाला पीओपी घालून पाठवलंत तर ते पाण्याने मऊ पडतं आणि तो पुन्हा येतो, दुसरं घालून घेतो. भाताच्या लावणीच्या दिवसांत एक फायबर हे दोन-तीन पीओपींपेक्षा बरं. आतला कापूस ओला राहू द्यायचा नाही, नाहीतर कातडी सोलते.

भुलीचं थोडक्यात. डेसफ्लुरेन हा गॅस शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अडीच हजार पट उष्णता धरतो, सेवोफ्लुरेन शे-दोनशे पट. स्कॉटलंडने डेसफ्लुरेन २०२३ मध्येच बंद केला. तुमच्याकडे तो येणारच नाही, घेऊही नका. नायट्रस ऑक्साइड सुमारे २७० पट आणि शतकभर हवेत टिकतो. त्याची पाइपलाइन टाकायच्या फंदात पडू नका, पाइपमधून गळूनच बराच जातो. पायाला स्पायनल (पाठीतून दिलेली भूल), हाताला ब्लॉक (नुसता हात बधिर करणं), ही आपल्याकडची रोजची पद्धत पुरेशी चांगली आहे. कार्पल टनेल, ट्रिगर फिंगर, बोटाचे टेंडन यांना कॅनडाचे सर्जन लालोंड यांनी रुळवलेली पद्धत शिकून घ्या: लिग्नोकेनमध्ये ॲड्रेनालिन घालून तिथल्या तिथे सुन्न करायचं, टूर्निके (रक्त अडवणारा पट्टा) नाही, भूल नाही, उपास नाही. पेशंट चहा पिऊन येतो आणि ड्रेसिंग करून घरी जातो.

थिएटरच्या विजेचा बहुतांश भाग हवेच्या यंत्रणेत जातो. दवाखान्यांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या निकषांत ताशी २० वेळा हवा बदलायला सांगितलंय, पण ऑपरेशन नसताना वेग कमी करायची मुभाही दिलीय, आतला दाब टिकला पाहिजे एवढंच. ब्लोअरला वेग बदलणारा ड्राइव्ह बांधतानाच बसवून घ्या, नंतर तो बसवत नाही कुणी. लॅमिनार फ्लोसाठी (गाळलेली हवा एकाच दिशेने सोडणारी यंत्रणा) कर्ज काढू नका. सांधेबदलातसुद्धा केवळ इन्फेक्शन कमी करण्यासाठी तो वापरू नये असंच जागतिक आरोग्य संघटनेचं २०१६ चं मार्गदर्शन सुचवतं. हात धुताना नळ सोडून ठेवायची सवय मोडा. दिवसाच्या पहिल्या धुण्यानंतर, हात स्वच्छ असतील तर अल्कोहोलचं द्रावण पुरतं. राकसकोप जलाशयाचं पाणी उन्हाळ्यात कसं मोजून येतं ते बेळगावकरांना सांगायला नको.

पेशंटच्या खेपांचं मात्र कुणी मोजत नाही. एक मोडलेला पाय म्हणजे सोबत दोन माणसं, वडाप नाहीतर भाड्याची गाडी, एक दिवसाची मजुरी. ग्लासगोच्या दवाखान्याने २०११ पासून साध्या फ्रॅक्चरच्या पेशंटना फोनवरूनच सल्ला देऊन खेपा वाचवल्या. तुम्हाला त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर नको. विरघळणारे टाके घाला, नाहीतर टाके गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काढायची चिठ्ठी द्या. जखमेचा फोटो मोबाइलवर मागवा. एक्स-रेची फिल्म छापण्याऐवजी मोबाइलवर द्या. आणि डिस्चार्जचा कागद, व्यायामाचं पान मराठीत द्या, ज्याला हवं त्याला कन्नडमध्ये. इंग्रजी कागद घेऊन माणूस घरी जातो आणि चौथ्या दिवशी ‘पाय टेकू काय डॉक्टर?’ एवढंच विचारायला परत येतो.

सोलर बसवा, पण वरचं सगळं मार्गी लागल्यावर. बसवलंत तर ऑटोक्लेव्ह आणि धुणं सकाळी अकरा ते तीनमध्ये लावा, म्हणजे छतावरची वीज तिथल्या तिथे वापरली जाते आणि वीज कंपनी हेस्कॉमचं बिलही उतरतं. जुलै-ऑगस्टमध्ये खानापुरात पॅनेलवर भरवसा ठेवू नका. जनरेटरची सर्व्हिसिंग मे महिन्यातच करून घ्या.